प्लॅन ३००चा, स्क्रीनवर मात्र ९४: घरासाठी आणि छोट्या ऑफिससाठी स्विच कसा निवडायचा

स्पीड टेस्टवर ९४ आले की मी एकच प्रश्न विचारतो, "मध्ये कुठली पेटी लावलीय का हो?"

बेळगावात ऑफिसांच्या तारा ओढायचं आणि कॅमेरे बसवायचं काम मी करतो. अलीकडे गल्लोगल्ली फायबर आलं, लोकांनी जुने प्लॅन सोडून २००चे, ३००चे (म्हणजे सेकंदाला तेवढ्या मेगाबिट वेगाचे) घेतले आणि मला एकाच तऱ्हेचे फोन सुरू झाले. मोबाइलवर वेग झकास दिसतो, पण तार जोडलेल्या कॉम्प्युटरवर काटा ९३-९४च्या पुढं हलायला तयार नाही. शहापुरातल्या एका वैनींचा फोन असाच आला. जुन्या वाड्याच्या पुढच्या खोलीत त्यांचं टॅक्सचं ऑफिस आहे, रिटर्नची मुदत तोंडावर होती. "तीनशेचे पैसे भरतोय आणि शंभर बी मिळेना. त्या नेटवाल्या पोराला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा झाडलं, तरी तेच. तुम्ही येऊन बघा की."

गेलो. टेबलाखाली हात घातला तर धुळीनं माखलेली, तळहाताएवढी एक पांढरी पेटी हाताला लागली. तिच्यात पाच तारा खोचलेल्या. ही पेटी म्हणजे नेटवर्क स्विच. बहुतेकांना ती आपल्याकडं आहे हेसुद्धा माहीत नसतं, आणि विकत घ्यायची वेळ आली की दुकानदार देईल ती घेतात. सात-आठ वर्षं बिनबोभाट चालणारी ही वस्तू आहे, त्यामुळं निवड चुकली तर चूकही तेवढीच वर्षं सोबत राहते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

स्विच नेमकं करतो काय

राऊटर आणि स्विच यांत लोकांचा गोंधळ होतो. राऊटर म्हणजे राज्याच्या सीमेवरचा आपला कोगनोळी नाका. राज्याबाहेर जाणारी, बाहेरून येणारी प्रत्येक गाडी तिथूनच जाणार. तुमच्या घराचं नेटवर्क एका बाजूला, बाहेरचं इंटरनेट दुसऱ्या बाजूला आणि मध्ये राऊटर. घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता वाटायचं कामही तोच करतो.

पण गणपत गल्लीतून खडेबाजारात माल न्यायचा असेल तर कोगनोळीला कोण जातं? तो गावातल्या गावात जातो. कॉम्प्युटरवरून प्रिंटरला कागद पाठवला, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावरचा टॅलीचा डेटा उघडला, कॅमेऱ्याचं चित्र रेकॉर्डरमध्ये साठलं, ही सगळी गावातली वाहतूक. ती सांभाळतो स्विच.

कशी सांभाळतो, तेही बघा. तारेनं जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. कुठल्या पोर्टवर, म्हणजे तार खोचायच्या कुठल्या खाचेत, कुठला क्रमांक बोलतोय हे स्विच ऐकत राहतो आणि स्वतःपुरती एक यादी बनवतो. पुढच्या वेळी त्या क्रमांकाच्या नावानं काही आलं की नेमकं त्याच पोर्टवर सोडतो. गल्लीत नव्यानं आलेला पोस्टमन महिनाभरात दारं ओळखायला लागतो तसंच. फक्त स्विचला हे शिकायला क्षणभर पुरतो.

पूर्वी याच जागी हब नावाची पेटी असायची. ती दवंडीवाल्यासारखी. एकासाठी आलेला निरोप सगळ्यांच्या दारात ओरडून सांगायची, आणि दोघं एकदम बोलले की दोघांचाही निरोप वाया. हबची ही अडचण सोडवणारा इथरनेटसाठीचा पहिला स्विच १९९० साली अमेरिकेत बाजारात आला. तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं 'कल्पना'. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे, कंपनीला त्यांनी पत्नीचं नाव दिलं होतं. १९९४मध्ये सिस्को या नेटवर्किंगमधल्या बड्या कंपनीनं ती कंपनी विकत घेतली. आपल्या टेबलाखालच्या पेटीच्या मुळाशी एक देशी नाव आहे, हे सांगताना मला दरवेळी बरं वाटतं.

"राऊटरलाच चार पोर्ट आहेत की. वर वायफायही आहे"

असतील आणि पुरत असतील तर स्विच घेऊच नका. राऊटरच्या शेजारी एक कॉम्प्युटर, एक टीव्ही, एवढंच असेल तर राऊटरच्या पाठीवरचे पोर्ट तेच काम करतात, कारण राऊटरच्या पोटात एक छोटा स्विच असतोच. मात्र एक तपासा. नेट कंपनीनं दिलेल्या काही डब्यांत एकच पोर्ट वेगवान आणि उरलेले शंभरचे असतात. डब्यावर किंवा खालच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं असतं.

वायफायचं म्हणाल तर आपल्या भागातली घरं आठवा. शहापूर-वडगावचे जुने वाडे, खानापुराकडची चिऱ्याची घरं. हात-दीड हात जाडीच्या भिंतीतून वायफाय पलीकडं पोचेपर्यंत त्याचा जीव निघतो. शिवाय वायफायवरची सगळी यंत्रं एकच हवा वाटून घेतात. मोबाइलसाठी ते उत्तम. पण जी वस्तू जागेवरून हलत नाही तिला तार द्यावी, या मतावर मी ठाम आहे. कॉम्प्युटर, प्रिंटर, टीव्ही, रेकॉर्डर तारेवर गेले की मोबाइलसाठी हवा मोकळी होते आणि वायफायही सुधारतं.

मागच्या खोलीत वायफाय पोचवायचं असेल तरी खरा उपाय तारच आहे. तिथवर तार ओढायची आणि टोकाला ॲक्सेस पॉइंट म्हणजे वायफाय पसरवणारा डबा लावायचा. घरात पडून असलेला जुना राऊटर यासाठी चालतो. फक्त त्याचं पत्ते वाटायचं काम सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राऊटरपेक्षा वेगळा ठेवा आणि तार इंटरनेटच्या पोर्टात न लावता बाकीच्या पोर्टांपैकी एकात लावा. हे विसरलं की घरात दोन पोस्टमास्तर होतात, दोघंही आपापल्या मनानं पत्ते वाटतात आणि काही यंत्रांचं नेट कारण न कळता जातं.

बाजारात एक स्वस्तातलं शेपूटही मिळतं, एका तारेच्या दोन करणारं. त्याच्या नादी लागू नका. ते तारेतल्या आठ वायरी चार-चार अशा वाटून देतं, दुसऱ्या टोकालाही तसलंच शेपूट लावावं लागतं आणि दोन्ही वाटे शंभरवर अडकतात. त्यापेक्षा पाच पोर्टचा स्विच शंभर पटीनं बरा.

किती पोर्टचा घ्यायचा

पाच पोर्टचा स्विच हा खरं तर चार पोर्टचा असतो. एक पोर्ट राऊटरकडून येणाऱ्या तारेला जातो. आठचा म्हणजे सात. हे दुकानात उभं राहिल्यावर हमखास विसरलं जातं.

वैनींच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, मागच्या खोलीसाठी वायफायचा डबा. पाच झाले. राऊटरची तार धरून सहा. म्हणजे पाचचा केव्हाच कमी पडला होता आणि एकजण आळीपाळीनं तार काढून लावत होता. आठचा घेतला की दोन मोकळे राहतात. कागदावर यंत्रं मोजा, एक मिळवा, वर दोन मोकळे धरा. एवढा हिशेब पुरतो.

"मग एकदाच सोळाचा घेऊन टाकू?" असं पुष्कळजण विचारतात. घरासाठी मी नको म्हणतो. आठवरून सोळावर गेलं की किंमत चांगलीच उडी मारते, आणि पुढंमागं वरच्या मजल्यावर लागलाच तर तिथं दुसरा आठचा लावून दोघांना एका तारेनं जोडता येतं. त्यात गैर काही नाही. उलट प्रत्येक टेबलाची तार वेगळी वर न्यायच्या ऐवजी एकच न्यावी लागते. खानापूर तालुक्यातल्या 'ग्राम वन' या सरकारी सेवांच्या केंद्रासारख्या ठिकाणी, जिथं एकाच खोलीत सात-आठ यंत्रं ओळीनं असतात, तिथं मात्र सोळाचा शोभतो.

पोर्ट जास्त म्हणून वेग वाटला जाईल ही भीती सोडा. आजचा साधा स्विचसुद्धा सगळ्या पोर्टांचा भार एकाच वेळी पेलतो. आठ गिगाबिट पोर्टांच्या पेटीवर १६ गिगाबिट असा आकडा दिसतो. तो आठ पोर्ट, येणं आणि जाणं दोन्ही मिळून, म्हणजे पूर्ण क्षमता. अडचण होते ती सगळ्यांना एकदम एकाच तारेतून बाहेर पडायचं असेल तेव्हा, आणि ती स्विच बदलून जात नाही. तिथं प्लॅनचीच हद्द असते.

शंभरचा की हजारचा

खरा निर्णय हा. साध्या स्विचचे दोन वेग बाजारात आहेत. एक १०० मेगाबिटचा, पेटीवर १०/१०० असं लिहिलेलं. दुसरा १००० मेगाबिटचा, म्हणजे गिगाबिट, पेटीवर १०/१००/१०००. पहिल्याचं मानक १९९५चं. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं १९९९चं, म्हणजे तेही आता जुनं आणि मुरलेलं तंत्र. २.५ गिगाबिटचे स्विचही मिळतात, पण ज्यांचा प्लॅन हजारच्या वर आहे किंवा जे दिवसभर जड व्हिडिओ इकडून तिकडं हलवतात त्यांनीच तिकडं बघावं.

आता ९४चं कोडं. तारेतून माहिती सुटी जात नाही, पुड्या बांधून जाते. प्रत्येक पुडीवर पत्ता, मोजदाद, तपासणीचा आकडा असतो आणि दोन पुड्यांमध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते. एका भरलेल्या पुडीला तारेवर १५३८ बाइटची जागा लागते, त्यात आपला खरा माल १४४८ ते १४६० बाइट. डब्यासकट वजन केलेल्या कुंद्यासारखं, आपल्या बेळगावच्या मिठाईसारखं, हे आहे. काटा शंभर दाखवतो, पोटात जातो साधारण ९४चा. म्हणून स्पीड टेस्टवर ९४ दिसला की ओळखावं, वाटेत कुठंतरी शंभरचा दुवा आहे. गिगाबिटवर हाच आकडा ९४०च्या आसपास येतो.

वैनींची पेटी उलटी केली. खाली १०/१०० छापलेलं होतं.

"पण माझा प्लॅनच १००चा आहे"

हा आक्षेप रास्त वाटतो. प्लॅन शंभरचा, स्विच शंभरचा, जास्तीचे पैसे कशाला? पण स्विचचा वेग घरातल्या घरातही लागतो, नाक्यावर किती गर्दी आहे याचा तिथं संबंध नाही. टॅलीचा आणि इतर कामाचा १० जीबीचा बॅकअप एका यंत्रावरून दुसऱ्यावर घ्यायचा आहे असं धरू. शंभरच्या स्विचवर त्याला साधारण १४ मिनिटं लागतात. गिगाबिटवर दीड मिनिट, डिस्कनं साथ दिली तर. रोज संध्याकाळी ऑफिस बंद करताना चौदा मिनिटं थांबावं लागलं की माणूस बॅकअप घ्यायचंच सोडतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. मग ज्या दिवशी डिस्क जाते त्या दिवशी रडू येतं.

आणि प्लॅन आज शंभरचा आहे, दोन वर्षांनी तोच राहील का? पाच पोर्टच्या शंभरच्या आणि गिगाबिटच्या पेटीत फरक काही शे रुपयांचा असतो. नवा घेताय तर गिगाबिटच घ्या. शंभरचा मी आता फक्त एका कामासाठी लावतो. कुठल्या, ते पुढं सांगतो.

मॅनेज्ड, अनमॅनेज्ड

अनमॅनेज्ड म्हणजे तारा खोचल्या की चालू, काही ठरवायचं नाही, पासवर्ड नाही. मॅनेज्ड म्हणजे ज्याच्या आत शिरून नियम लावता येतात असा. घरासाठी आणि चार टेबलांच्या ऑफिससाठी अनमॅनेज्डच घ्यावा. महागडा मॅनेज्ड घेऊन कारखान्यातून आला तसाच वापरणारी ऑफिसं मी पाहिली आहेत. पैसे तर गेलेच, शिवाय त्याचा मूळचा पासवर्ड कुणी बदलला नाही म्हणून दारही उघडं राहिलं.

एका ठिकाणी मात्र मी आग्रह धरतो. आपल्या भागात गावोगावी पतसंस्था आहेत. तिथल्या नेटवर्कवर लोकांच्या ठेवींची खाती असतात, त्याच तारांवर कॅमेरे असतात आणि त्याच वायफायवर बाकड्यावर बसलेला सभासद मोबाइल जोडतो. हे तिन्ही एकमेकांना दिसता कामा नयेत. मॅनेज्ड स्विचमध्ये व्हीलॅन नावाची सोय असते. एकाच पेटीचे आतून वेगवेगळे कप्पे पाडता येतात, जणू तीन निरनिराळे स्विच. स्मार्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या मधल्या दर्जाच्या पेट्यांतही हे जमतं आणि त्या साध्यापेक्षा फार महाग नसतात. फक्त पाहुण्यांचं वायफाय वेगळं करणारा राऊटर किंवा ॲक्सेस पॉइंट त्याच्या जोडीला हवा, आणि हे सगळं लावून देणारा माणूस पुढंही येणार आहे ना, याची खात्री करून घ्या. पासवर्ड संस्थेच्या तिजोरीत कागदावर ठेवा, त्या माणसाच्या डोक्यात ठेवू नका.

कॅमेऱ्यांसाठी वेगळा लागतो का

तारेवरच्या कॅमेऱ्याला बहुतेक करून त्याच तारेतून वीजही देतात. या पद्धतीला पीओई म्हणतात आणि अशी वीज देणारा स्विच वेगळा येतो. २००३च्या मानकाप्रमाणं एका पोर्टवर जास्तीत जास्त १५.४ वॉट, २००९च्या मानकाप्रमाणं ३० वॉट. नीट मानकातला स्विच वीज सोडण्याआधी समोरच्या यंत्राला तपासतो. त्याला वीज नको असेल तर देत नाही, म्हणून चुकून लॅपटॉप लावला तरी बिघडत नाही. स्वस्तातल्या काही पेट्या न विचारताच वीज ढकलतात. त्यांच्यापासून लांब राहा. पेटीवर ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी असं लिहिलेलं बघून घ्या.

इथं फसगत होते ती एकूण विजेच्या बेरजेत. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून फोन आला, "दिवसभर आठही कॅमेरे चालतात, दिवेलागणीला त्यातले दोन-तीन बंद-चालू बंद-चालू करतात." आधी कुणीतरी दोन कॅमेरे बदलूनही बघितले होते. मी सांजवेळी मुद्दाम जाऊन शिडीवर बसलो. उजेड कमी झाला, कॅमेऱ्यांतले रात्रीचे लाल दिवे टिक टिक करत लागले आणि स्विचवरचे दोन पोर्ट विझले. दिवसा एक कॅमेरा चार-पाच वॉट खात होता, रात्रीचे दिवे लागले की आठ-नऊ. आठांचे मिळून सत्तरच्या घरात. स्विचची एकूण ताकद होती ६०. आठ पोर्ट आहेत म्हणजे आठांनाही पूर्ण वीज मिळेल असं नसतं. टाकीला आठ नळ बसवता येतात, म्हणून टाकी मोठी होत नाही. पेटीवरचा पीओई बजेटचा आकडा बघा, कॅमेऱ्यांची रात्रीची गरज मोजा आणि वर चौथा हिस्सा मोकळा ठेवा.

शंभरचा स्विच मी लावतो तो इथं. चांगल्या प्रतीचा कॅमेरासुद्धा सहसा चार-सहा मेगाबिटवर भागवतो, त्याला गिगाबिट पोर्टचा काही उपयोग नाही. मात्र सगळ्या कॅमेऱ्यांचा माल ज्या पोर्टातून रेकॉर्डरकडं जातो तो गिगाबिट असावा. कॅमेऱ्यांच्या बऱ्याच पीओई स्विचवर असे एक-दोन पोर्ट वेगळे दिलेले असतात. घरी चारच कॅमेरे असतील तर पीओई पोर्ट असलेला रेकॉर्डर घेतला की स्विचची गरजच राहत नाही.

सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले तर

निपाणीकडच्या एका संस्थेत सकाळी साडेदहाला सगळं ठप्प झालं. बाहेर पेन्शनवाल्यांची रांग. नेट नाही, प्रिंटर नाही, शेजारच्या टेबलावरचा डेटासुद्धा उघडत नाही. मी पोचलो तेव्हा स्विचवरचे सगळे दिवे एका तालात, श्वास न घेता लुकलुकत होते. एरवी ते आपापल्या मनानं, पावसाच्या थेंबांसारखे लुकलुकतात. हा एकच ताल दिसला की समजायचं, कुठंतरी तारेनं फेरा घेतलाय.

झालं असं होतं, झाडलोट करताना एका तारेचं सुटं टोक जमिनीवर लोळताना दिसलं, आणि ज्यानं पाहिलं त्यानं चांगल्या मनानं ते रिकाम्या पोर्टात खोचून ठेवलं. तारेचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं. नेटवर्कवर काही निरोप सगळ्यांसाठीच असतात आणि स्विच ते सगळ्या पोर्टांतून सोडतो. फेरा असला की तो निरोप फिरून परत येतो, पुन्हा सगळीकडं सुटतो, पुन्हा येतो. या पुड्यांवर मुदतीची तारीख नसते, त्यामुळं त्या आपण होऊन मरत नाहीत. काही क्षणांत सगळ्या तारा त्यांनीच भरून जातात.

एकेक तार काढत गेलो, चौथीला दिवे शांत झाले. काही अनमॅनेज्ड स्विचमध्ये असा फेरा ओळखणारी सोय असते. पाच माणसं वावरतात अशा ऑफिसला घेताना ती मागून घ्या. आणि तारांच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावा: 'कॅशिअर', 'प्रिंटर', 'राऊटर'. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, पण लिहा.

करंट आणि वळीव

घरातला छोटा स्विच जेमतेम दोन ते पाच वॉट घेतो. त्यामुळं करंट गेल्यावर नेट चालू राहावं म्हणून राऊटर इन्व्हर्टरवर घेतलाच आहे, तर स्विचही त्याच फळीवर घ्या. राऊटर जिवंत आणि स्विच मेलेला असेल तर तारेवरच्या कॉम्प्युटरला नेट मिळणार नाही. हे सांगायला नको असं वाटतं, तरी दर पावसाळ्यात सांगावं लागतं.

ॲडाप्टरची अदलाबदल मात्र जीवघेणी, स्विचच्या जिवावर बेतणारी. राऊटरचा ॲडाप्टर बहुधा १२ व्होल्टचा, छोट्या स्विचचा ५ किंवा ९ व्होल्टचा. टोकाची पिन पुष्कळदा सारखीच. साफसफाईत अदलाबदल झाली की पेटी जळते. ॲडाप्टरवर पांढरी चिकटपट्टी लावून पेनानं नाव लिहायला अर्धा मिनिट लागतो.

धातूची पेटी प्लॅस्टिकपेक्षा बरी. उष्णता बाहेर टाकते, आणि वजन असल्यामुळं जाड तारा तिला ओढून टेबलामागं लोंबकळवत नाहीत. खानापूर, जांबोटीकडच्या ओल्या हवेत स्विच जमिनीवर ठेवू नका. छातीच्या उंचीवर भिंतीला लावा आणि रिकाम्या पोर्टांना रबरी टोप्या घाला, नाहीतर ऊब शोधत मुंग्या आत जातात.

एप्रिल-मे महिन्यातल्या वळवाबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा या इमारतीतून त्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नका. वीज तारेवर पडायची गरज नसते, जवळपास पडली तरी तारेत झटका येतो आणि त्या टोकापासून या टोकापर्यंत जे असेल ते मारतो. कॅमेरा, स्विच, राऊटर, कधी कॉम्प्युटरही. दोन इमारतींमध्ये फायबर टाका. फायबर काचेचं असतं, त्यातून उजेड जातो, वीज जात नाही. दोन टोकांना उजेडाचं परत तारेत रूपांतर करणारे दोन छोटे डबे लागतात, मीडिया कन्व्हर्टर म्हणून मिळतात. खर्च थोडा वाढतो. पण तांब्याच्या तारेला १०० मीटरची मर्यादा असते, तीही फायबरला आड येत नाही.

नवा स्विच लावला, तरी ९४च

वैनींना आठ पोर्टचा, गिगाबिट, अनमॅनेज्ड, धातूच्या पेटीचा स्विच आणून लावला. बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला. आपल्याकडचे लोक कोल्हापूर, हुबळी, गोवा, जिथं स्वस्त मिळेल तिथून आणतात. वॉरंटीत बदलून घ्यायची वेळ आली की हे बिलच कामाला येतं. सगळ्या तारा खोचल्या, वैनींच्या कॉम्प्युटरवर टेस्ट लावली. काटा चढला आणि थांबला. ९४.

बाकी दोन टेबलांवर २९०च्या पुढं येत होते. फक्त वैनींच्याच टेबलावर ९४. नव्या स्विचवर बाकीचे दिवे हिरवे आणि त्यांच्या पोर्टाचा तेवढा नारिंगी होता. या मॉडेलवर नारिंगी म्हणजे शंभर.

लॅन केबलमध्ये आठ वायरी असतात, चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. शंभरच्या वेगाला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात, आणि उरलेल्या दोनांपैकी एक जरी तुटली तरी दोन्ही टोकं बहुधा गुपचूप शंभरवर उतरतात. नेट चालत राहतं, कुणाला संशय येत नाही. मी भिंतीलगत तार हातानं चाचपत गेलो. दाराच्या चौकटीजवळ वरचं आवरण सोललेलं होतं आणि तिथून निळी आणि तपकिरी जोडी बाहेर काढून वरच्या मजल्यावरच्या इंटरकॉमला दिलेली. पूर्वी एका तारेत दोन कामं उरकायची ही सर्रास पद्धत होती, शंभरच्या जमान्यात ती चालून जायची. ब्लेडनं एक वायर खरवडली तर वरचा तांब्याचा रंग गेला आणि आत चांदीसारखी चमक दिसली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. अशी तार वजनाला हलकी लागते, वाकवली की लवकर तुटते आणि पीओईसाठी तर वापरूच नये.

शुद्ध तांब्याची कॅट-सिक्स केबल चौदा मीटर लागली. चौकटीच्या वरून नेली, इंटरकॉमला त्याची स्वतःची वायर दिली, दोन्ही टोकं नव्यानं क्रिम्प केली, म्हणजे नवे प्लग दाबून बसवले. पोर्टाचा दिवा हिरवा झाला. टेस्ट लावली, २९१.

वैनी थोडा वेळ त्या आकड्याकडं बघत राहिल्या. मग मोबाइल उचलून म्हणाल्या, "थांबा, त्या नेटवाल्या पोराला आधी फोन करते. दोनदा उगीचच बोलले त्याला."